बादली नसलेला माणूस

भूत, भानामती, अंगात येणं, नजर लागणं — या सगळ्याविरुद्ध मी नऊ वर्षांची असल्यापासून कागद वाटत आले आहे. धुळ्याला पाचव्या गल्लीत आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना होता. दिवसा लग्नपत्रिका, संध्याकाळी पत्रकं. हमालांच्या सभेचं पत्रक, पाण्याच्या मोर्चाचं पत्रक, अमावस्येला उतारे देणाऱ्या बाबाविरुद्धचं पत्रक. शाळा सुटली की ओल्या शाईचा गठ्ठा घेऊन मी एसटी स्टँडवर जायची आणि गाडी हलायच्या आत खिडक्यांतून एकेक कागद लोकांच्या मांडीवर टाकायची. वाचायला शिकले तीही छपाईच्या खिळ्यांवर, उलट्या अक्षरांतून. त्यामुळे ‘मलाही असा एक अनुभव आला’ असं कोणी सुरू केलं की मी आधी दोन गोष्टी विचारते. सोबत कोण होतं? आणि उजेड किती होता?

तेव्हा माझ्यापासूनच सुरुवात करते. सोबत सुमनअक्का होती. वेळ सकाळी अकराची. उजेड भरपूर.

आणि हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये. मला राग आलेला आहे. तो गेल्या हिवाळ्यापासून उतरलेला नाही.

जळगावहून धरणगावकडे निघालं की रस्त्याला लागून जिनिंग-प्रेसिंगच्या मिली आहेत. त्यातली एक. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. पुढे वजनकाटा आणि ऑफिस, मधे कपाशीचे ढीग, मग मशिनं, आणि सगळ्यात मागे रुईचा हॉल. सरकी निघून गेल्यावर जी मोकळी रुई उरते ती या हॉलमध्ये येऊन पडते, आणि दहा बायका बसून तिच्यातला पानांचा कचरा आणि डागी रुई वेचतात. हॉलला दोन दारं. एक मशिनांकडे, दुसरं मागच्या अंगणात, हौदासमोर.

शिफ्ट सुरू झाली की मागच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं. का? तर बायका ओटीत रुई घालून नेतात. देवाच्या वातीपुरती. पोराच्या उशीपुरती. दोन मुठी रुईसाठी दहा माणसं कोंडायची, ही या मिलीची पद्धत. आणि ती कोणाला विचित्रही वाटत नव्हती — हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

त्या दहांपैकी दोघी मंगलाअक्का आणि सुमनअक्का. सख्ख्या जावा. माझ्या नानांच्या घरामागच्या वस्तीत राहायच्या. नाना म्हणजे माझे थोरले मामा, चित्रकलेचे शिक्षक होते, आता रिटायर झालेत. जळगावात मी त्यांच्याकडेच राहते आणि एका डीटीपी सेंटरमध्ये टायपिंग करते. मंगलाअक्काला वाचता येत नव्हतं, पण माझी उरलेली पत्रकं ती आवर्जून मागून न्यायची, भाकरी बांधायला.

“तुना कागद चांगला शे माय,” ती म्हणायची. “ठेचानं तेल बठ्ठं पी लेस.”

ठेच्याचं सगळं तेल पिऊन घेतो! माझ्या लिखाणाचं एवढं प्रामाणिक परीक्षण अजून कोणी केलेलं नाही.

आता चित्राचं. मिलीचे मालक सहकुटुंब युरोपची टूर करून आले. हॉलंडच्या कुठल्यातरी म्युझियममध्ये त्यांनी एक चित्र पाहिलं आणि त्याची छापील प्रत गुंडाळून घेऊन आले. रात्रीची वेळ, कालव्याकाठचं गाव, आणि गावाला आग लागलेली. चर्चचा मनोरा पेटलेला, छपरांतून ज्वाळा, लोक गाद्या, पेट्या, पोरं घेऊन पळताहेत, कालव्याचं पाणी लाल. मालकांना हे ऑफिसात, मागच्या भिंतीवर, मोठ्या साइजमध्ये, ऑइलमध्ये हवं होतं. ‘पार्टी समोर बसली की नजर तिथेच गेली पाहिजे,’ असं नानांना सांगितलं. नानांना तेवढं मोठं काम कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी घेतलं.

जिनिंगच्या ऑफिसात आगीचं चित्र. जिथे बायका ‘आग’ हा शब्दही तोंडातून काढत नाहीत, ‘पाहुणा’ म्हणतात, तिथे.

मी नानांशी भांडलेही. “नाना, दुसऱ्याचं घर जळतंय ते भिंतीवर लावायचं? ही कसली आवड?”

“जुनी आवड आहे,” नाना म्हणाले. “त्यांच्याकडे लाकडी घरं, एकाला एक चिकटलेली. एक पेटलं की आळी जायची. काही चित्रकार तर नुसत्या रात्रीच्या आगीच रंगवायचे. आणि विकत घेणारे पैसेवाले व्यापारी. आपल्या शेकोटीजवळ बसून बघायचे.”

“म्हणजे तेव्हापासून असंच आहे.”

“तू चिडू नकोस, बघ.” त्यांनी ब्रशच्या मागच्या टोकानं दाखवलं. “आगीकडे सगळेच बघतात. तू आगीकडे पाठ केलेल्या माणसाकडे बघ. या चित्रांत खरी गोष्ट त्याच्याकडे असते. हा बघ, हा शेजाऱ्याची पेटी स्वतःच्या घरात नेतोय. ही कोणाला तरी शोधतेय. आणि हा एकटा पाणी भरतोय.”

खाली डाव्या कोपऱ्यात, कालव्याच्या दगडी काठावर एक माणूस गुडघ्यावर बसलेला होता. टोपी घातलेला, आगीकडे पाठ, हातात बादली. अंधारात त्याची बादली ओळखू यायची ती फक्त कडेवरच्या नारिंगी रेघेमुळे.

नानांची पद्धत शाळेतली. छापील प्रतीवर पेन्सिलने चौकोन पाडायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. एकशे आठ चौकोन होते. दिवाळीच्या आधी चित्र पोचवलं, त्या दिवशी अंगणात उभं करून मी मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो अजून आहे.

दिवाळीला मिठाईचे पुडे घ्यायला बायकांना ऑफिसात बोलावलं, तेव्हा सगळ्यांनी ते चित्र पाहिलं. मंगलाअक्का बराच वेळ बघत होती म्हणे. मग बादलीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हाऊ एकलाच काम करी ऱ्हायना. बाकी बठ्ठा मालक दिखतस.” बायका पुडे सांभाळत हसत बाहेर आल्या.

दोन-अडीच महिन्यांनी आग लागली.

कपाशीतून तारेचा एखादा तुकडा येतो, मशिनमध्ये सापडतो, ठिणगी पडते आणि रुईबरोबर उडून ढिगात जाऊन बसते. रुई लगेच भडकत नाही. आत धुमसते, कधी तासभर, कधी दिवसभर. वरून पांढरी शुभ्र. म्हणून जुन्या बायका येता-जाता ढिगावर पालथा हात ठेवतात. कुठे ऊब लागली तर तेवढा भाग उपसून बाहेर फेकायचा. ना मीटर, ना सेन्सर. बायकांचे हात, बस्स.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मंगलाअक्कानं हात ठेवला आणि मुकादमाला सांगितलं, आत पाहुणा शे. मुकादम म्हणाला, जेवण करून बघू.

जेवण झालं. पावणेतीनला ढीग पेटला, मशिनांकडचं दार आधी गेलं. धूर एवढा की भर दुपारी आत रात्र झाली, सुमनअक्का सांगते. काळी रात्र आणि तिच्यात लाल. दहाजणी मागच्या दारावर हात आपटत होत्या. बाहेर शिरपूरच्या वरच्या पाड्यांतले दोन मजूर होते, त्यांनी पहार घालून कुलपाचा कोयंडा उखडला. नऊजणी बाहेर पडल्या. मंगलाअक्का सगळ्यांना पुढे ढकलत शेवटी राहिली होती. ती आली नाही.

नंतर ते दारही जळालं, चौकटीसकट.

आणि मग सुरू झालं ते ऐका. मिलीचं म्हणणं: मागचं दार कायम उघडंच असतं, कुलूप कधी नव्हतंच. बायका घाबरल्या, धुरात त्यांना दार सापडलं नाही. मंगलाबाई बाहेर आली होती, पण लपवून ठेवलेली रुई घ्यायला परत आत गेली. म्हणजे मेलेल्या बाईला चोर ठरवून मोकळे. पहार घालणारे ते दोन मजूर? कंत्राटदारानं त्यांना दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून पाठवून दिलं होतं, पत्ता कोणाकडे नाही. कुलूप? दाखवा कुठे आहे.

नऊ बायकांनी जबाब दिले. नऊच्या नऊ सांगत होत्या, कुलूप होतं. चौकशीचे साहेब मान हलवत होते आणि लिहीत होते की धुरामुळे दार बंद असल्याचा समज झाला असावा. नऊजणींना एकाच वेळी, एकाच दाराबद्दल, एकच समज!

“कितला येळा सांगू?” सुमनअक्का जबाब देऊन आली ती आमच्या ओट्यावर बसून म्हणाली. “आम्ही नऊजणी सांगी ऱ्हायनूत. त्या साहेब म्हणस, आजून काही पुरावा शे का. आम्ही काय शेतस मंग?”

आम्ही मग काय आहोत, असं ती विचारत होती.

महिन्याभरानं मालकांनी वास्तुतज्ज्ञ बोलावला. त्यानं मिलीत फिरून एक कारण शोधलं: ऑफिसातलं चित्र. आगीचं चित्र लावलंत, आग बोलावलीत. लगेच गावभर झालं. पेपरात चार ओळी आल्या. नानांना रस्त्यात लोक विचारायला लागले, मास्तर, असलं का काढलंत? मालक शांती करणार होते, बायकांना जेवण घालणार होते, आणि चित्र होमात नाहीतर गिरणा नदीत. बोलण्यातून कुलूप गेलं, मुकादम गेला, ‘जेवण करून बघू’ गेलं. राहिलं काय, तर एका म्हाताऱ्या शिक्षकाचं चित्र.

मी त्या दिवशी जे पत्रक लिहिलं तेवढं संतापून मी काही लिहिलं नसेल. मथळा: ‘चित्राने आग लागत नाही’. चित्र म्हणजे कापड, तेल आणि माती, असं लिहिलं. ते कोणाला मारत नाही, कोणाला वाचवत नाही, काही बघत नाही आणि काही सांगत नाही. कुलूप शोधा. पाचशे प्रती काढल्या आणि मिलीच्या गेटवर स्वतः वाटल्या.

दोन दिवसांनी मॅनेजरचा नानांना फोन आला. चित्र हवं असेल तर उद्या घेऊन जा, परवा पूजा आहे. नानांना दमा, म्हणून छोटा हत्ती टेम्पो करून मी गेले. सोबत सुमनअक्का. तिला मंगलाअक्काचा डबा हवा होता, जेवल्यावर मंगलाअक्का तो ऑफिसमागच्या मोरीवर धुऊन ठेवायची.

मॅनेजर दारातच उभा. “मास्तर नाही आले?”

“त्यांना दम लागतो.”

“लागणारच. एवढी आग काढून ठेवली.” मग माझ्याकडे बघून, “पत्रक वाचलं ताई तुमचं. चांगलं लिहिता. पण तुम्ही मानत नाही म्हणून एखादी गोष्ट नसते, असं नाही ना.”

“कुलपाचंही तसंच आहे, साहेब,” मी म्हटलं. “तुम्ही मानत नाही म्हणून नव्हतं असं नाही.”

तो हसला नाही. फोन आला म्हणून वजनकाट्याकडे निघून गेला. आता मी जे सांगणार आहे त्या वेळी ऑफिसात आम्ही दोघीच होतो. टेम्पोवाला बाहेर दोरी सोडत होता.

वास्तुतज्ज्ञाची फेरी सोडली तर ऑफिस आगीपासून बंद होतं, आदल्याच दिवशी उघडलेलं. मिलीची वीज तोडलेली. चित्राची भिंत आतली, पलीकडे रेकॉर्डची खोली. दारातून उजेड भरपूर, पण भिंतीवर ऊन कुठूनच नाही. चित्रावर, टेबलावर, सगळ्यावर काजळीचा एकसारखा थर. आगीच्या ज्वाळासुद्धा राखाडी दिसत होत्या.

सुमनअक्का चित्राजवळ गेली आणि तिनं त्यावर पालथा हात ठेवला. मुद्दाम नाही... ढिगावर ठेवतात तसा, सवयीनं. हात फिरवत खाली आली. डाव्या कोपऱ्यात थांबली.

“आत पाहुणा शे,” ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

माझं डोकंच फिरलं. “अक्का, तू तरी सुरू करू नकोस. उद्या त्यांना हेच पाहिजे आहे.”

तिनं वाद घातला नाही. माझं मनगट धरलं आणि हात तिथे टेकवला.

गरम होतं. चटका बसेल असं नाही. तव्यावरून काढून टोपलीत ठेवलेली भाकरी पाच मिनिटांनी असते तेवढं. वीतभर जागा. तिच्या बाजूला थंड. वरचे कोपरे थंड. मी चित्र भिंतीपासून पुढे ओढून मागे हात घातला: कॅनव्हासला मागूनही तेवढीच ऊब, भिंत गार. हात झटकला, टेबलाच्या पत्र्यावर ठेवून गार केला, पुन्हा लावला. तीनदा केलं. तीनदा तेच.

सुमनअक्कानं पदराचं टोक घेतलं आणि तेवढ्या जागेवरची काजळी पुसली. खालून कालव्याचा काठ निघाला, टोपीवाला माणूस निघाला.

“बादली कोठे गई?”

बादली नव्हती. माणूस तोच, तसाच गुडघ्यावर, आगीकडे पाठ. पण त्याचा हात पाण्यावर पुढे केलेला, आणि मूठ मिटलेली.

मी काय केलं असेल? दोरी मागितली. चित्र चादरीत गुंडाळलं आणि टेम्पोत चढवलं. मॅनेजरच्या पावतीवर सही केली. डबा मिळाला नाही, तो म्हणाला पोलिसांना विचारा. वाटेत माझं मन एकच म्हणत होतं, नानांनीच काढलं असेल, आपण नीट पाहिलं नव्हतं. पण सुमनअक्काला बादली आठवत होती. मलाही आठवत होती.

घरी पोचेस्तोवर तो कोपरा इतर चित्रासारखाच गार झाला होता. म्हणजे ऊब ही फक्त आम्हा दोघींची साक्ष. अशी साक्ष दुसऱ्या कोणी दिली असती तर मी फाडून खाल्ली असती, हे मला मान्य आहे.

पण चित्र समोर होतं. नानांनी मूळ छापील प्रत काढली. मी मोबाईलवर दिवाळीचा फोटो मोठा केला. खालून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा चौकोन. छापील प्रतीत बादली. फोटोत बादली, कडेवर नारिंगी रेघ. कॅनव्हासवर मूठ.

नाना घाबरले नाहीत, कामाला लागले. भिंग घेतलं, कापसाला टर्पेंटाइन लावून शेजारची काजळी काढत गेले. “कोणी वरून रंगवलं असेल तर रंग काजळीच्या वर असेल,” ते म्हणाले. “काजळी सगळीकडे वर आहे. मुठीच्या कडेलाही वरच आहे. म्हणजे हे आगीच्या आधीचं, नाहीतर...” त्यांनी भिंग मुठीवर नेलं. मग म्हणाले, “बादलीवरच्या त्या एका रेघेला माझी अख्खी दुपार गेली होती. आणि ही मूठ बघ. फटकारे माझेच आहेत. अंगठ्याशी मी असाच ब्रश वळवतो. हात माझा आहे गं. पण मी हे काढलेलं नाही.”

मला रडायला आलं नाही, किंचाळावंसं वाटलं. नऊ जिवंत बायका ओरडून सांगताहेत ते कोणाला ऐकू येत नाही, आणि मला पुरावा म्हणून काय मिळावं, तर हे! हे घेऊन मी कुठे जाऊ? साहेबांकडे? वास्तुतज्ज्ञानं माझे पाय धरले असते. उद्याच्या पूजेला हजार माणूस वाढलं असतं. हळदीकुंकू, नारळ, मंगलादेवीचं चित्र... आणि मालकांनीच देणगी देऊन त्याला मंदिर बांधलं असतं. मेलेल्या बाईची देवी करणं फार सोपं असतं. तिच्यासाठी कुलूप शोधणं अवघड.

“जाळून टाकू का?” मी नानांना विचारलं. खरंच विचारलं.

 उत्तर सुमनअक्कानं दिलं. ती इतका वेळ जमिनीवर बसून त्या माणसाकडे बघत होती.

“हाऊ पाणी नही काढी ऱ्हायना. पाणीमा काही तरी टाकी ऱ्हायना,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “आपला जिनमा पाणी कोठे शे?”

मागच्या अंगणात. दारासमोर. आग विझवायला म्हणून बांधलेला हौद. तो त्या दिवशीही भरलेला होता आणि अजूनही भरलेलाच होता, कारण आगीच्या वेळी त्याचा डिझेल पंप सुरूच झाला नव्हता. सगळा हॉल त्याच्यासमोर जळला आणि हौदातलं तांब्याभर पाणीही कमी झालं नाही. तिथे काही टाकलं तर ते कोण उपसणार होतं?

मला तेव्हाच जाऊन हौदात उतरावंसं वाटत होतं. पण मी काढलं असतं तर मीच टाकलं म्हणाले असते. म्हणून मी डोकं शांत केलं आणि अर्ज लिहिला. चौकशीचे साहेब त्याच आठवड्यात पुन्हा जागेवर येणार होते. नऊ बायकांच्या सह्या-अंगठ्यांनिशी मागणी केली: अग्निशमनाचा पंप चालतो की नाही हे पंचांसमक्ष तपासावं, त्यासाठी हौद पूर्ण उपसून पाइपाचं तोंड पाहावं. नियमात बसणारी मागणी. साहेबांना नाही म्हणता येईना.

पंप त्या दिवशीही चालू झाला नाहीच. शेवटी भाड्याचं इंजिन लावून उपसला. वेळ लागला. मॅनेजर सुरुवातीला चहा देत फिरत होता. पाणी गुडघ्याएवढं राहिलं तेव्हा त्यानं चहा द्यायचं बंद केलं. मुकादम दिसेनासा झाला.

तळाला वीतभर गाळ होता, काळा. त्यात सरकी, एक चप्पल, प्लास्टिकच्या पिशव्या. आणि एक कुलूप. जुनं पितळी, मुठीएवढं. बंद. त्याच्या कडीत उखडलेला कोयंडा तसाच अडकलेला, एका बाजूनं पहारेनं वाकवलेला, आणि कोयंड्याच्या खिळ्यांना जळक्या लाकडाच्या ढलप्या.

सुमनअक्का पुढे झाली, तिनं हात लावला नाही, फक्त म्हणाली, “हाईच.” मग साहेबांनी स्वतः ऑफिसातला चाव्यांचा जुडगा मागवला. चौथी चावी लागली.

पंचनामा झाला. त्यात माझा जबाब आहे. साहेबांनी विचारलं, “हौद उपसायला लावायचं तुम्हाला सुचलं कसं?”

सुमनअक्कानं माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर बघत होता. मी सांगितलं, “पंप चालतो का, एवढंच पाहायचं होतं.” त्यांनी लिहिलं, मी वाचलं, आणि खाली सही केली.

आबांच्या छापखान्यात दारावर एक पाटी होती, स्वतः आबांच्या अक्षरात: खोटं छापलं जाणार नाही. त्या पाटीखाली मी वाढले. आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी खोटं लिहून दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर कुलूपही खोटं ठरलं असतं. आज ते कुलूप कोर्टात जमा आहे, चावीसकट. ते लोखंडाचं-पितळेचं आहे, त्याला माझ्या जबाबाच्या टेकूची गरज नाही. मंगलाअक्काच्या नावापुढचं ‘चोरी’ कागदावरून निघालं आहे. म्हणून आता लिहिते आहे. सुमनअक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिही.

चित्र नानांच्या बैठकीत आहे, भिंतीकडे तोंड करून. कधी एकटी असले की मी ते फिरवते आणि त्या कोपऱ्यावर पालथा हात ठेवते. गार असतं. मूठ आहे तशीच आहे. नानांनी ती पुन्हा रंगवायला नकार दिलाय, आणि तो टोपीवाला तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या गावातल्या कुठल्या आगीला पाठ करून बसला होता, ते मला माहीत नाही. कोणी केमिकलचं कारण सांगेल, कोणी आम्हा दोघींच्या मनाचा खेळ म्हणेल. म्हणू देत. मी स्वतः सगळी कारणं लावून पाहिली. एकही लागत नाही. फोटो आहे, छापील प्रत आहे, काजळी वरच्या थरात आहे, आणि कुलूप हौदातच निघालं.

पण या सगळ्यात तुम्हाला नवल फक्त त्या चित्राचं वाटत असेल, तर माझा राग तुमच्यावरही आहे. चित्र कसं बोललं हे मला सांगता येत नाही. नऊ बायका बोलत होत्या आणि त्या कोणाला ऐकू कशा आल्या नाहीत, हे सांगता येईल असा एक तरी माणूस मला दाखवा.